अंब्रोज समरविल बोलतात

"येतेय! आजच येतेय!"

बर्नडेट फोन हातात तसाच धरून स्वयंपाकघरात घुसली आणि आईच्या पाठीवर जवळजवळ आदळलीच. अगाथाचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. समोरच्या परातीत चिरलेली केलची पानं, कोबी, कांदा, मोहरी आणि डोळ्यांतून पाणी काढील इतकी लाल मिरची. शेजारी खारवलेल्या हॅमची भली मोठी मांडी. तिला सुरीनं खोल चिरा पाडायच्या, त्यात ही भाजी बोटांनी दाबून दाबून भरायची, मग जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ती मोठ्या हंड्यात उकळायची. समरविलांच्या घरात दर गुड फ्रायडेची सकाळ यातच जायची, आणि उपासाचा दिवस म्हणून चिमूटभर चाखायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती.

"कोण येतेय? पोप?" अगाथानं मान वर न करता विचारलं.

"पोप असता तर मी एवढी धावले नसते. तपासवाली बाई! सिमोनच्या फायलीची! आत्ता फोन आला. जेवणाच्या सुमाराला पोचते म्हणाली."

कोबी चिरत बसलेली तिची लेक सिमोन उठून उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उठली. "इथं? या घरी? आज?"

"आज गं बाई, आज! सुरी खाली ठेव आधी, बोट कापशील."

"गुड फ्रायडेला कुणी तपास करतं का?" अगाथा पुटपुटली. पण तिचेही हात थांबले होते.

तेवढ्यात डोक्यावरून शेजारच्या लष्करी तळावरचं विमान गेलं. खिडकीची तावदानं थरथरली आणि तिघीही गप्प झाल्या. विमान आलं की वाक्य तोडायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच जोडायचं, हे या काउंटीतल्या पोरांना बोलायला लागल्यापासून येतं. बर्नडेटला मात्र आज तेवढंही थांबवेना. हात हलवून, ओठ हलवून ती बोलतच राहिली, आणि आवाज ओसरला तेव्हा तिचं शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. "...आणि या खेपेला कुणी तोंडाला कुलूप लावलं ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

तिचा जीव असा टांगणीला का लागला होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तळाला विमानं तपासायची यंत्रं पुरवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीनं सिमोनला नोकरी देऊन सव्वा वर्ष होऊन गेलं होतं, आणि या सव्वा वर्षात पोरीनं तळाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. क्लिअरन्स, म्हणजे गुपितं हाताळायची सरकारी परवानगी, आल्याशिवाय आत जायचं नाही, आणि आत गेल्याशिवाय काम नाही. मग अशा लोकांसाठी कंपनीनं फाटकाबाहेर, टायरच्या दुकानाच्या वर एक हॉल भाड्यानं घेतला होता. तिथं बसणाऱ्यांनी त्याचं नाव 'बरणी' ठेवलं होतं, कारण आत टाकलेलं माणूस नुसतं मुरत राहायचं.

बरणीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं दिवसभर त्याच त्या प्रशिक्षणाच्या फिती बघायची. एकजण पोर्तुगीज शिकला. एकीनं कुत्र्यासाठी स्वेटर विणला, आणि तो झाल्यावर शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी विणला. कुणाचा क्लिअरन्स आला की भिंतीवरची सायकलची घंटी वाजवायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि ते माणूस खोकं उचलून निघून गेलं की पुन्हा शांतता. दुसऱ्यांसाठी घंटी वाजवून वाजवून सिमोनचा हात दुखला होता. गेल्या आठवड्यात साहेबानं तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं. "हे बघ, तू हुशार आहेस, पण रिकाम्या हातांचे पैसे का देता म्हणून वरून विचारणा होतेय. तपास तरी संपला, एवढं मला ईस्टरनंतरच्या सोमवारी सांगता आलं, तर तुझी खुर्ची राखतो. नाहीतर व्हर्जिनियातून एकजण तयार क्लिअरन्स घेऊन येतोय."

आणि तपास अडला होता तो याच घरापाशी. सात वर्षांपूर्वी कॉलेज अर्ध्यावर सोडून सिमोन एक अख्खा हिवाळा आजोबांकडे राहिली होती. त्या दिवसांबद्दल सांगणारं कुणीतरी हवं होतं. शेजारच्या मिसेस हॉल्ट वारल्या. उरले घरचे. आणि घरचे म्हणजे समरविल! तीन पिढ्या तळावर काम केलेली माणसं. "आज काय केलं?" असं विचारलं तर "काम" एवढंच उत्तर देणारी. गेल्या शरदात एक तरणा तपासनीस आला होता तेव्हा अगाथानं "माझा चष्मा सापडत नाहीय" म्हणून दार लावून घेतलं होतं. तिच्या नवऱ्यानं, अंब्रोजनी, त्याला पोर्चवर उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या घरातल्या कुणाहीबद्दल मला काही सांगायचं नाही." तो बिचारा निघून गेला, पुढं ती नोकरीही सोडून गेला, आणि फाइल ढिगाच्या तळाशी गेली.

"दादाला बोलावते," बर्नडेट म्हणाली. "सगळ्यांनी एकच सांगायचं. आधीच ठरवू या."

तिचा भाऊ विल्मर रस्त्यापलीकडेच राहायचा. तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात तळाच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवूनच. अंगणात जाताना तो पट्टा काढून खिशात ठेवायचा आणि दर वेळी खिसा चाचपून बघायचा, असला माणूस.

"काय सांगायचं ठरवताय?" त्यानं खुर्ची ओढली.

"सिमोन आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मदतीला आली होती," बर्नडेट म्हणाली. "झालं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंच होतं त्या वर्षी. खोटं काही नाही त्यात."

"माझा गुडघा मध्ये आणू नका," अगाथा म्हणाली, आणि लगेच, "पण तेच बरं. घरातलं घरात राहील."

"मला विचाराल तर बोलूच नये," विल्मर म्हणाला. "कशावरून ही बाई खरीच तपासवाली आहे? दर वर्षी आम्हाला शिकवतात, अनोळखी माणूस येऊन घरच्यांची चौकशी करायला लागला की सावध व्हा. त्या पोऱ्याचंही मी तेच..."

तो थांबला. विमान तर कुठलंच जात नव्हतं.

"त्या पोऱ्याचं तू काय?" बर्नडेटनं विचारलं.

"काही नाही."

"दादा."

"कळवलं मी," विल्मर म्हणाला. "तळाच्या सुरक्षा कचेरीत. एक संशयास्पद इसम आमच्या कुटुंबाची माहिती काढत फिरतोय म्हणून. गाडीचा नंबरही दिला."

बर्नडेटनं ओलं फडकं उचलून भावाच्या अंगावर फेकलं. "अरे देवा! तू तपासनिसाचीच तक्रार केलीस? माझ्या पोरीची फाइल घेऊन आलेल्या माणसाची?"

"मला वाटलं आपलीच परीक्षा घेतायत! आपण बोलतो का ते बघतायत!"

"परीक्षा! सगळ्या काउंटीत तूच एक शहाणा! पोरगी तिथं बरणीत मुरतेय आणि मामा इथं गाडीचे नंबर टिपतोय!"

"मी नियमानं वागलो," विल्मर म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. भाचीवर त्याचा जीव होता. तिला पहिली सायकल त्यानंच घेऊन दिली होती. "सिमोन, मला खरंच... मला वाटलं मी तुझं रक्षण करतोय."

आणि सिमोन हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "मामा, म्हणजे सुरक्षेची चौकशी करणाऱ्याची सुरक्षेनं चौकशी केली?" तिला बघून अगाथालाही हसू आवरेना. ती हिरव्या हातांनी तोंड झाकायला गेली आणि मिरची डोळ्यात गेल्यावर ओरडली. बर्नडेटला मात्र हसूही येत होतं आणि रागही, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं.

"ठीक आहे," विल्मरनं नमतं घेतलं. "गुडघा तर गुडघा. मी पण तेच सांगतो."

"कुणीच ते सांगायचं नाही," सिमोन म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "मी सांगितलंय बाईंना सगळं. परवा माझी मुलाखत झाली फोनवर. कॉलेज का सोडलं, इथं का आले, डॉक्टरांकडे जात होते, सगळं."

बर्नडेट गर्रकन वळली. "सगळं?"

"मला उठता येत नव्हतं, हे सांगितलं. सकाळ झाली तरी अंथरुणातून उठता येत नव्हतं. ते काही पाप नाही, आई. खोटं बोलणं मात्र आहे. तिथंच क्लिअरन्स जातो. तुम्ही आज गुडघा सांगितला असता ना, तर मी खोटी ठरले असते."

विल्मरनं बहिणीकडे बघितलं. मघापर्यंत तोच सगळ्यांच्या विरुद्ध होता. आता तो पटकन म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय. खरं सांगायचं." अगाथा अजून गुडघ्यालाच धरून होती, पण एकटी पडल्यावर तीही गप्प बसली.

"पण खरं सांगणार कोण?" बर्नडेट म्हणाली. "तू अंथरुणात होतीस तेव्हा मी व्हर्जिनियात, अलेक्झांड्रियाला होते. दादा महिनोन्‌महिने बाहेरगावी. आईला ऑपरेशननंतर खालच्या खोलीत हलवलेलं. वरती तुझ्याजवळ होतं कोण?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये अंब्रोज बोटीच्या इंजिनाशी खाटखूट करत बसले होते.

तपासवाली ट्रॅव्हर्स बाई आली ती धुळीनं माखलेल्या छोट्या गाडीतून. पन्नाशीची, पायात सपाट बूट, हातात स्वतःचा चहाचा थर्मास. विल्मरनं दारातच तिचं ओळखपत्र मागितलं. ते उलटंपालटं करून बघितलं. मग पुन्हा मागितलं.

"बघा, निवांत बघा," बाई म्हणाली. "मागच्या माणसाचं काय झालं ते मला ठाऊक आहे. आमच्या ऑफिसात तुमचं घर फार प्रसिद्ध आहे."

विल्मर कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं ओळखपत्र परत दिलं.

आज मांस चालत नाही म्हणून अगाथानं तिला ऑयस्टर खायला बसवायचा प्रयत्न केला, मग निदान कॉफी, मग निदान पाणी. बाई काहीच घेईना. "नियम आहे, मॅडम. पण वासानंच मरायची वेळ आलीय. मी पण कॉन्ट्रॅक्टरच आहे. माझी स्वतःची परवानगी येईपर्यंत मी बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेत होते. तेव्हा सगळे म्हणायचे, अजून नाही? अजून नाही? त्यामुळे या पोरीचं मला कळतं. पण त्या हिवाळ्याबद्दल घरातलं कुणीतरी बोलल्याशिवाय मला फाइल मिटवता येत नाही, आणि आज नाही मिटली तर सोमवारी मी दुसऱ्या राज्यात. मग कुणाच्या हातात जाईल ते देव जाणे."

सिमोनला तिनं पुढच्या खोलीत बसायला सांगितलं. जिची चौकशी, तिनं जवळ असून चालत नाही.

विल्मरची साक्ष पोर्चवर झाली आणि लवकर आटोपली. तो नाव, गाव आणि हुद्दा सांगून थांबला होता. बर्नडेट बोलली बरंच, पण त्या महिन्यांवर बाई आली तशी तिची जीभ अडखळली. "मी इथं नव्हते," एवढंच तिला म्हणता आलं. हे म्हणताना तिला इतकी लाज वाटली की ती उठून सरळ शेडकडे चालू लागली.

"बाबा."

"हं."

"ती बाई तुमची वाट बघतेय."

"बघू दे." अंब्रोजनी स्पार्क प्लग पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसला. ऐंशी ओलांडली तरी त्यांचे हात थरथरत नव्हते.

"बाबा, तुम्ही तळावर सगळा जन्म काढलात. कधी एक शब्द बाहेर गेला नाही, मला अभिमान आहे त्याचा. पण हे तळावरचं नाहीय. सिमोनचं आहे."

"म्हणून तर बोलत नाही." त्यांनी आता तिच्याकडे बघितलं. "पोरगी माझ्या घरात येऊन पडली होती. तिच्या पडण्याची गोष्ट मी एका परक्या बाईला सांगू?"

"तिनं स्वतःच सांगितलीय. सगळी. आता तुम्ही नाही बोललात, तर ती बाई समजेल की अजून काहीतरी लपवतोय." बर्नडेट त्यांच्यासमोर खाली बसली. "मला बोलता येत नाही, बाबा. मी नव्हते इथं. माझी पोरगी उठू शकत नव्हती आणि मी तिकडे घटस्फोटाच्या वकिलांच्या मागं पळत होते. त्या हिवाळ्याचं मला काहीच माहीत नाही. तुमच्याशिवाय तिचं कुणी नव्हतं तेव्हा, आणि आज पण नाही. पाया पडते तुमच्या, बोला."

अंब्रोजनी चिंधीला हात पुसले.

"तिनं सांगितलं स्वतःहून?"

"हो."

"धीराची आहे," ते म्हणाले आणि उठले.

पोर्च स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच. हंड्याच्या वाफेसाठी म्हणून खिडकी उघडी होती, असं अगाथा नंतर जन्मभर सांगणार होती. आत तिघंही श्वास रोखून उभी राहिली. अगाथा मध्ये, बर्नडेट डावीकडे, आणि विल्मर वाकून, कारण तो उंच होता.

"सिमोन तुमच्याकडे कधी आली?" ट्रॅव्हर्स बाईनं विचारलं.

बर्नडेटनं डोळे मिटून घेतले. बोला, बाबा, बोला.

"सप्टेंबरात," अंब्रोज म्हणाले. "एकच बॅग होती. म्हणाली, आजोबा, मला झोपायचंय. मी म्हटलं, झोप. तर झोपलीच. दोन महिने, थँक्सगिव्हिंगपर्यंत."

"तेव्हा ती कोणाला भेटायची?"

"मला."

"दारू? गोळ्या? आणखी काही?"

"चहा प्यायची. बिनसाखरेचा. मला तो बघवायचा नाही, पण गुन्हा नव्हे तो."

विल्मर फिसकन हसला. अगाथानं त्याला कोपर मारलं.

"डॉक्टर?"

"मीच न्यायचो. दर मंगळवारी, लिओनार्डटाउनला. ती आत जायची, मी गाडीत बसायचो."

"मंगळवारी?" अगाथाचा आवाज जरा मोठाच निघाला. "मंगळवारी तर हा कंबर शेकायला जातो म्हणून सांगायचा!"

"शू, आई!"

बाहेर अंब्रोज बोलत होते. बर्नडेटनं तिच्या अख्ख्या आयुष्यात त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा पोरगी जिना उतरून खाली आली तो दिवस. तिनं अर्धी वाटी सूप प्यायलं तो दिवस. ते वरच्या खोलीत खुर्ची नेऊन बसायचे, काही बोलायचे नाहीत, वर्तमानपत्र वाचायचे. मग बोटीचं इंजिन वर नेलं, चादरीवर वर्तमानपत्रं पसरून खोललं, आणि मुद्दाम एक भाग चुकीचा लावला. अंथरुणातून आवाज आला, आजोबा, उलटा लावलाय तो. "तेव्हा मी जाणलं, ही उठणार," अंब्रोज म्हणाले.

बर्नडेटच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं पुसलंही नाही.

"शेवटचा प्रश्न," ट्रॅव्हर्स बाई म्हणाली. "हा सगळ्यांना विचारावाच लागतो. देशाची गुपितं तिच्या हाती द्यावीत, अशी शिफारस तुम्ही कराल?"

अंब्रोज गप्प झाले.

आता नको, बर्नडेट मनात ओरडली. आता नको ना, बाबा! नुसतं 'हो' म्हणा! पण म्हातारा पुढं बघत बसला होता, जिथं झाडांपलीकडे तळाची उंच पाण्याची टाकी दिसते तिकडे. त्या टाकीखाली, तळ यायच्या आधी, त्यांच्या वडिलांचं तंबाखूचं शेत होतं. विमान आलं, गेलं. बाईनं पेन तसंच धरून ठेवलं.

"त्या हिवाळ्यात," अंब्रोज शेवटी म्हणाले, "मी तिला एक गोष्ट सांगितली. तळावरची नव्हे. सरकारची नव्हे. माझी स्वतःची. ती उठावी म्हणून सांगितली. ती गोष्ट मी फादरना कधी सांगितली नाही. बायकोला सांगितली नाही. आता जरा मागं वळून त्या खिडकीकडे बघा."

बाईनं मान वळवली. तिघंही खाली वाकायला गेली आणि एकमेकांवर आपटली.

"वाकू नका, दिसताय तुम्ही," अंब्रोज म्हणाले. "बाई, ही माझी बायको. हा मुलगा, ही मुलगी. माझ्या बायकोसारखी चौकस बाई तुम्हाला तीन काउंट्यांत मिळायची नाही, आणि सिमोन दर रविवारी हिच्या शेजारी बसून जेवते. विचारा यांना, ती गोष्ट काय आहे."

ट्रॅव्हर्स बाईनं खिडकीकडे बघून भुवया उंचावल्या.

"कुठली गोष्ट?" अगाथा म्हणाली. "अंब्रोज, कुठली गोष्ट?"

"मला काही माहीत नाही," विल्मर म्हणाला, आणि या खेपेला ते अगदी खरं होतं.

बर्नडेटनं नुसती मान हलवली. आपल्या बापानं एवढं मोठं काहीतरी आपल्या पोरीजवळ ठेवलं, आणि आपल्याला त्याचा वासही नाही. सात वर्षं! रविवारची जेवणं, लग्नं, मयती, भांडणं, आणि पोरीनं पापणीसुद्धा हलवली नाही.

"बघा," अंब्रोज बाईला म्हणाले. "आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"ती गोष्ट मला सांगाल?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाली. तिनं लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला हसू येत होतं ते तिनं लपवलं नाही. मग कागद मिटले, थर्मास उचलला. दारात सिमोन उभी होती, तिच्यापाशी थांबली. "निर्णय माझ्या हातात नसतो, पोरी. तो वरचे घेतात. पण माझं काम झालं. आज संध्याकाळीच पाठवते. तपास संपला, असं तुझ्या साहेबाला सोमवारी खुशाल सांग."

गाडी फाटकाबाहेर वळली मात्र, आणि घरात एकच कल्लोळ उसळला. सिमोननं मामाला मिठी मारली, मामानं तिला उचललं. बर्नडेटनं दोघांना धरलं, आणि तिघं दालनात गोल फिरली. अगाथा मात्र नाचण्यात नव्हती. ती हात धुवून, पुसून, पोरीसमोर येऊन उभी राहिली होती.

"सांग," ती म्हणाली.

"आजी..."

"आजीबिजी काही नाही. पन्नासहून जास्त वर्षं संसार केलाय मी त्या माणसाशी. त्याचे मोजे मी धुते. काय सांगितलं त्यानं तुला?"

"नाही, आजी."

"माझ्याबद्दल आहे का? एवढं तरी सांग," विल्मर म्हणाला. "नुसती मान हलव."

सिमोननं मान हलवली नाही. हसली नाही, की नजर टाळली नाही. ताठ उभी राहिली.

बर्नडेटनं तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. तिला वाटत होतं, विचारू नये. पण विचारल्याशिवाय राहवेना. "मला पण नाही?" ती हळूच म्हणाली. "मी आई आहे तुझी. मी नव्हते तेव्हा, ते मला ठाऊक आहे. पण आता आहे ना?"

सिमोनचे डोळे भरून आले. तिनं आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तू आहेस, आई. आणि तरी नाही."

बर्नडेटला ते लागलं. चांगलंच लागलं. आणि त्याच क्षणी तिला पोरीचा असा काही अभिमान वाटला की तिनं तिचं तोंड धरून दोन्ही गालांचे मुके घेतले.

मागच्या दारानं अंब्रोज आत आले. काही झालंच नाही अशा थाटात नळाखाली हात धुवायला लागले. अगाथा कमरेवर हात ठेवून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"अंब्रोज, ती सांगत नाहीय."

"नाही सांगत?"

"मी विचारलं. विल्मरनं विचारलं. बर्नडेट तर रडली. नाहीच सांगत!"

अंब्रोजनी नळ बंद केला. ते नातीकडे वळले, तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"मग मिळाली म्हणायची नोकरी," ते म्हणाले.